सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

कुणाचे हाड मोडले, कुणाला अस्वलाने फाडले की आपण इयादतीला जातो. खाटेच्या कडेला बसतो, हालहवाल विचारतो, दुआ करतो आणि उठताना सांगतो, 'सब्र करा.' शब्द पवित्र आहे. परंतु तो ऐकणाऱ्याने नेमके करायचे काय, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. मूलच्या जंगलातल्या रस्त्यावर रानडुक्कर आडवे आले, मोटारसायकल घसरली, मांडीचे हाड मोडले आणि आत सळई बसवावी लागली, तेव्हा तो विचार करण्याची पाळी आमच्यावर आली.

पहिला महिना आम्ही असेच समजत होतो की सब्र म्हणजे कण्हायचे नाही. रात्री कळ उठली की चादरीचा कोपरा दातांत धरायचो. भेटायला येणारे कौतुक करायचे. परिणाम एवढाच झाला की दुखणे नेमके कुठे आहे हे डॉक्टरांना लवकर कळले नाही, आणि आत कोंडलेली चिडचीड घरातल्या लहान मुलांवर निघू लागली. हा कसला सब्र?

सब्र म्हटले की आपल्याला हजरत अय्यूब (अ.) आठवतात. परंतु त्यांची हकीकत आपण अर्धीच सांगतो. अय्यूब गप्प राहिले नव्हते. मला त्रास होतो आहे, असे त्यांनी आपल्या रबला स्पष्ट सांगितले, आणि तरीही कुरआनने त्यांना सब्र करणारा म्हणून गौरवले. म्हणजे वेदना बोलून दाखवणे हा सब्राचा भंग नाही. आणखी एक गोष्ट पाहा. त्यांची दुआ कबूल झाली तेव्हा हुकूम झाला तो जमिनीवर पाय आपटण्याचा. पाय आपटला, पाण्याचा झरा लागला, त्याने ते बरे झाले. बरे करणारा अल्लाह. पण आजारी माणसाने पाय हलवायचा होता.

वेदनेची किंमत पाहायची तर दूर जायला नको. आमच्याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमटे यांनी वसवलेले आनंदवन आहे. कुष्ठरोगात हातापायांच्या नसा मरतात. चटका लागला तरी कळत नाही, काटा रुतला तरी माणूस चालत राहतो, जखम चिघळते आणि बोटे जातात. ज्याला दुखत नाही तो सुखी, असे आपल्याला वाटते. परंतु दुखणे थांबल्यामुळेच त्या माणसांचे शरीर राखणदाराविना उरले. आमच्या मांडीतली कळ राखणदाराची हाक होती. तिला दाबून टाकण्यात कसला मोठेपणा?

बाबांचे स्वतःचे आयुष्यही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. पाठीच्या मणक्यांच्या दुखण्याने त्यांना कित्येक वर्षे बसता येत नव्हते. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे पडायचे. तशा अवस्थेत १९८५ साली ते कन्याकुमारीहून 'भारत जोडो'च्या यात्रेला निघाले, १९९० साली नर्मदेच्या काठी जाऊन राहिले. २००८ साली आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांची पाठ पूर्ववत झाली नाही. पूर्ण बरे होऊ तेव्हा जगू, असे मात्र ते म्हणाले नाहीत. उभ्याने आणि आडव्याने जे होईल ते करत गेले.

आपल्या दीनमध्येही हीच सवलत आहे. इमरान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना पैगंबर (स.) यांनी त्यांना सांगितले की नमाज उभ्याने पढावी, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून. अल्लाह बंद्याच्या शरीराला एवढी मुभा देतो; मग आपण, आजारी माणसे, स्वतःवर इतके कठोर का होतो?

हाड जुळायला महिने लागतात. मोडलेल्या जागी आधी मऊ सांधा धरतो, मग तो कडक होतो. पण नुसते पडून राहिल्याने हाडाला पूर्वीचे बळ येत नाही. डॉक्टर सांगतील तेवढे वजन कुबड्यांच्या आधाराने पायावर टाकावे लागते. आज थोडे, पुढच्या आठवड्यात आणखी थोडे. घाई केली तर सळई वाकते, भ्यालो तर पाय वाळतो. या दोहोंच्या मधली वाट रोज शोधणे, आम्हाला वाटते, हाच सब्र.

पण एवढ्यावर लेख संपवला तर तो खोटा ठरेल. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर सिंदेवाहीकडचा एक मजूर होता. मोहफुले वेचताना अस्वलाने त्याचा खांदा फाडला होता. आम्हीही त्याला तोच उपदेश केला. तो म्हणाला, "गुरुजी, सबर करतो जी. पण तवरक पोट कोन भरन?" मे महिना लागला, तेंदूपत्त्याचा हंगाम आला, आणि जखम ओली असतानाच तो घरी निघून गेला. आम्हाला वैद्यकीय रजा होती, पगार चालू होता. आमच्या सब्राचा निम्मा भार त्या पगाराने उचलला होता, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

वन्यप्राण्याने जखमी केलेल्याला सरकारी भरपाईची तरतूद आहे. पण चूल रोज पेटवावी लागते. म्हणून इयादतीचा अर्थ थोडा वाढवायला हवा. जकात रमजानमध्ये हिशेब करून आपण काढतोच. आपल्या मोहल्ल्यात कोण गरीब माणूस मोडलेल्या हाताने कामावर जातो आहे, हेही त्या वेळी विचारावे. आणि भेटायला जाताना, तो कोणत्याही धर्माचा असो, महिनाभराचे धान्य सोबत न्यावे. सब्राची गोष्ट त्यानंतर काढावी.