नळाची चावी

निवृत्तीनंतर मी मुलीकडे बऱ्हाणपुरास राहावयास आलो, त्यास आता काही वर्षे झाली. घर सिंधीपुऱ्यात आहे. सोळाव्या शतकात सिंधहून आलेल्या विणकऱ्यांच्या व सूफी साधकांच्या वस्तीवरून या भागास हे नाव पडले. गावात माग अजूनही चालतात. फक्त ते आता विजेवर चालतात. सकाळी नळास पाणी येण्याची वेळ झाली म्हणजे मागांच्या खडखडाटातूनही हंडे-बादल्यांचा आवाज निराळा ओळखू येतो. तो ऐकला की आपल्या हाती एक चावी आहे, असे मला क्षणभर वाटते. लांब दांड्याची, वर आडवी मूठ असलेली, लोखंडी. रस्त्यातील खड्ड्यात उतरवून जिने पाणी सोडतात आणि बंद करतात, ती.

वास्तविक ती चावी मी कधी हाती धरली नाही. मी खानदेशातील एका नगरपालिकेत आस्थापना विभागाचा कारकून होतो आणि सतरा वर्षे तेथील कर्मचारी संघटनेचा अध्यक्ष. पुढारी म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे सभा आणि घोषणा येतात. माझी बहुतेक वर्षे मात्र कोणाचे सेवापुस्तक हरवले ते शोधण्यात, मेलेल्या सफाई कामगाराच्या मुलास अनुकंपा तत्त्वावर चिकटविण्यात आणि निलंबित शिपायाच्या बाजूने चौकशी अधिकाऱ्यापुढे ताटकळण्यात गेली. हे काम नीरस असले तरी त्यात माणसाचे मन स्वच्छ राहते. ज्याचे काम केले तो समोर असतो, आणि त्याचे झाले म्हणून दुसऱ्या कोणाचे बिघडत नाही. मन अस्वच्छ होते ते संपाच्या वेळी.

एका वर्षी चार महिन्यांचा पगार थकला. जकात बंद झाल्यापासून नगरपालिकेचे दिवस अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून जात असत. आम्ही रीतसर नोटीस दिली आणि प्रथम झाडलोट थांबविली. पाच दिवस गेले. कचऱ्याचे ढीग साचले, दुर्गंधी सुटली, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. यापलीकडे काही झाले नाही. सहाव्या दिवशी सभासद म्हणाले, "अध्यक्षसाहेब, पाणी बंद करा. दोन दिवसांत पैसे येतील." मी रात्रभर विचार केला असे सांगितले तर ते खोटे होईल. मी अर्ध्या तासात होकार दिला. पाणी दोन दिवस बंद राहिले आणि तिसऱ्या दिवशी खरोखरच पैसे आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गावाबाहेरच्या वस्तीत गेलो होतो. तेथे ठेकेदाराच्या हजेरीवर झाडू मारणारी एक बाई रिकामा हंडा घेऊन उभी होती. ती आमची सभासद नव्हती. ठेक्यावरील माणसांस आमच्या घटनेप्रमाणे सभासद होताच येत नसे. ती म्हणाली, "भाऊ, पगार तुमचा अडला. पाणी आमचं का तोडलं?" मला उत्तर सुचले नाही. येताना पाहिले, तर पदाधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून विंधन विहिरींचे पंप सुरू होते आणि बागांना पाणी चालले होते.

हा प्रश्न जुना आहे, आणि माझ्याहून फार मोठ्या माणसांनी त्याचा विचार केला आहे. १९४६ साली मुंबईत सफाई कामगारांचा संप झाला, तेव्हा गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिले की काही कामे अशी असतात की तेथे संप करणे अनुचितच, आणि हे काम त्यांतले आहे. मात्र कामगारांना चांगला पगार व चांगली घरे मिळालीच पाहिजेत, असेही त्यांचे म्हणणे होते. उलट १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाच्या विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी मांडले की संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव. जे काम नको असता सोडता येत नाही ते दास्य होय. आणि पंजाबसारख्या प्रांतात नोटिशीवाचून काम सोडणाऱ्या सफाई कामगारास तुरुंगात घालणारा कायदा होता, हे त्यांस चांगले ठाऊक होते. पुढे १९४७ च्या कायद्याने पाणीपुरवठा व सफाई या सेवांत संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आवश्यक केली; म्हणजे संप मान्य केला, पण त्यास लगाम घातला. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या प्रकरणात तर असे म्हटले की सरकारी नोकरांस संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर नाही आणि नैतिकही नाही. पहिल्या दोहोंविषयी बोलणे न्यायालयाचेच काम. परंतु तिसरा शब्द वाचून मी थबकलो. चार महिने पगार न देणाऱ्याच्या नीतीचा विचार कोणत्या न्यायासनापुढे व्हावयाचा?

माझा स्वतःचा कौल आंबेडकरांच्या बाजूने आहे. तरीही त्या बाईचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही, आणि त्याचे कारण मला पुष्कळ उशिरा उमगले. गिरणीत संप झाला म्हणजे मालकाचा नफा बुडतो. मार ज्याच्याशी भांडण त्यालाच बसतो. नगरपालिकेचे तसे नाही. पाणी बंद झाले तर तिजोरीतून काही जात नाही. उलट पंपांचे विजेचे बिल तेवढे वाचते. आमच्या संपाचा घाव मालकास थेट लागतच नाही. तो नागरिकाच्या घशातून जावा लागतो. नागरिक तहानेने ओरडला, की त्या ओरडण्याचा धाक मालकास. म्हणजे आम्ही जे बळ वापरतो ते आमचे नव्हेच. ते तहानेल्याकडून, त्यास न विचारता, उसने घेतलेले असते. आणि तहान सर्वांस सारखी लागत नाही. ज्याच्या अंगणात विंधन विहीर आहे त्याच्याकडून आम्ही काही उसने घेऊ शकलो नाही. जिच्याकडे एक हंडा होता तिच्याकडून सारे घेतले.

यावर कोणी म्हणेल, मग पाणी बंद करू नये. पण झाडलोट थांबवून आम्ही पाच दिवस वाट पाहिली होती. त्या पाच दिवसांत एकही सद्गृहस्थ नगरपालिकेत जाऊन 'यांचा पगार का देत नाही' असे विचारता झाला नाही. नळ कोरडा पडला तेव्हा सारे आले. ज्या गावास आपल्या सेवकांची आठवण केवळ तहानेने होते, ते गाव आपल्या तहानेस अगदीच निरपराध आहे, असे मला वाटत नाही.

येथे बऱ्हाणपुरात लोक पाहुण्यांस कुंडी भंडारा दाखवितात. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, १६१५ च्या सुमारास बांधलेली ही व्यवस्था. सातपुड्याकडून तापीकडे भूगर्भातून झिरपणारे पाणी भुयारात धरले, शंभराहून अधिक कुंड्या त्या भुयाराने जोडल्या, आणि केवळ उताराच्या बळावर ते गावाकडे आणले. पंप नाही, चावी नाही. प्रथम पाहिले तेव्हा मनात आले, येथे संप संभवतच नाही; येथील कारकुनास झोप चांगली लागत असेल! नंतर कळले की पाण्यातील चुन्याचे थर भुयारात साचतात, आणि कोणी ते खरवडले नाहीत तर वाट बुजत जाते. उतार ईश्वराचा असेल. खरवडणारा हात कोणाच्या तरी रोजावर असतो.

कोकणातील वाचकांस अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण येथे झाली असेल. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी उपोषण आरंभिले ते काम टाळण्यासाठी नव्हे, तर भंगीकाम करू द्यावे म्हणून. गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास सुरू केला. माझ्या होकाराशी ते उपोषण ताडून पाहिले की मला संकोच वाटतो. त्यांनी आपलीच भूक पणास लावली. मी दुसऱ्याची तहान लावली. पण हेही खरे, की अप्पासाहेबांस घरी चार महिन्यांच्या उधारीचा वाणी भेटत नव्हता. उपोषणाचा मार्ग सफाई कामगारापुढे ठेवताना मला धीर होत नाही; त्याच्या घरी उपास नवा नसतो.

तेव्हा माझी चूक पाणी बंद करण्यात होती, असे मी म्हणत नाही. ती तिसऱ्या दिवशी झाली. करारनामा टंकून समोर आला. त्यात कायम कर्मचाऱ्यांची थकबाकी होती. ठेक्यावरील माणसांचा उल्लेख नव्हता. त्यांचाही दोन महिन्यांचा रोज थकला होता. मुख्याधिकारी म्हणाले, तो ठेकेदाराचा प्रश्न, आणि तुमच्या नोंदवहीत त्यांची नावे कोठे आहेत? कायद्याने त्यांचे म्हणणे बरोबर होते. सभासद दाराबाहेर गुलाल घेऊन उभे होते. मी सही केली.

पुढे २०१७ साली मुंबईच्या सत्तावीसशे कंत्राटी सफाई कामगारांस कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. तो मिळविला त्यांच्या स्वतःच्या संघटनेने, कचरा वाहतूक श्रमिक संघाने, वर्षानुवर्षे झगडून. ती बातमी वाचली त्या दिवशी मी जुन्या कागदांतून आमच्या संघटनेची घटना काढली. सभासदत्वाचे कलम मीच लिहिले होते. 'कायम' हा शब्द माझ्याच अक्षरात होता, आणि ठसठशीत दिसावा म्हणून मी त्याखाली रेघ ओढलेली होती.