रंग कोणाचा?

भोपाळच्या साकेत नगरात, एम्सच्या आवारालगत आमचे बिऱ्हाड आहे. वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या शेजारच्या मुलाने एका संध्याकाळी कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर पसरून मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला, तेव्हा विटांच्या भिंतीसारख्या चौकटींखेरीज मला काहीच दिसेना. परंतु "काका, जरा थांबा," असे म्हणून त्याने कडेने आयोडीनचा थेंब सोडताच चौकटीचौकटीत तपकिरी टिकलीसारखे केंद्रक उमटले, आणि ते आधीपासून तेथे होते की त्या थेंबाने निपजले, अशी शंका मला चाटून गेली.

शंका भाबडी नव्हे. कामिल्लो गोल्जी याने १८९८ साली चांदीच्या क्षाराने रंगविलेल्या चेतापेशींत जे जाळे पाहिले, ते पेशीचे अंग की रसायनाचा डाग, हा वाद अर्धे शतक चालला, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची स्वतंत्र साक्ष पडली तेव्हाच त्याचा निकाल लागला. उलट जिवाणूंच्या पटलाला आतून पडलेल्या ज्या वळ्यांना 'मेसोसोम' हे नाव देऊन नाना कामांची जबाबदारीही सोपविली गेली होती, त्या जिवाणू झटक्यात गोठवून पाहिल्यावर दिसेनाशा झाल्या. नमुना टिकविण्यासाठी वापरलेल्या रसायनांचीच ती करणी होती.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच अध्यासाचा, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा भास होण्याचा, विचार मांडताना शिंपल्यावर भासणाऱ्या रुप्याचा दाखला घेतला आहे. गंमत अशी की गोल्जीचे रुपे खरे ठरले आणि मेसोसोमचे खोटे. मात्र दोहोंची खातरजमा डोळे मिटून झाली नाही, दुसऱ्या वाटेने जाऊन पुन्हा पाहिल्याने झाली.

उपासकाच्या अनुभवालाही हाच न्याय लावावा असे मला वाटते. पंढरीच्या वारकऱ्याला जे रूप दिसते आणि सूफी फकिराला जे तेज जाणवते, त्यांत ज्याच्या त्याच्या संस्काराचा रंग मिसळलेला असणारच. तेवढ्यावरून अनुभव खोटा म्हणून फेटाळणे हा उतावीळपणा, आणि रंगालाच वस्तू समजून इतरांशी भांडणे हा त्याहून मोठा. निराळ्या रंगांनी पाहणाऱ्यांची कैफियत ऐकून, तिच्याशी आपल्या अनुभवाची रुजुवात घालीत राहणे, हीच श्रद्धेची खरी परीक्षा होय.

कांद्याचे केंद्रक तपकिरी नसते. पण ते असते.