एका 'च'ची गोष्ट

मराठीतलं सर्वांत धोकादायक अक्षर कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी 'च' सांगेन. 'पगारवाढ मिळावी' हा अर्ज झाला. 'मिळालीच पाहिजे' म्हटलं की मोर्चा निघतो.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांचं नेमकं या हट्टाशीच वैर. माणसाला घटना दुःखी करत नाही, घटनेबद्दलचा हट्ट करतो, हे त्यांच्या १९५५ सालच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचं सार. कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि ती पद्धत मराठी माणसापर्यंत आणली. इंग्रजांना हट्टाला अख्खा 'मस्ट' लागतो, आपलं एका अक्षरात भागतं.

पुस्तक वाचून मी शहाणा झालो आणि ते शहाणपण थेट श्रीवर्धनच्या काकांवर वापरलं. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात त्यांची पोफळींची वाडी एका दुपारीत आडवी झाली होती. तेव्हापासून काका ओटीवर बसून. हाक मारली की जेवायचे, एवढंच.

मी एक कोरी वही नेली. डाव्या बाजूला घटना, उजव्या बाजूला विचार. म्हटलं, "काका, वाडी वाचायलाच हवी होती, हा आपला हट्ट झाला."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे, माझ्या वडलांनी लावलेली झाडं ती. तुझा 'च' काढला तर उभी राहतील का?"

मी गप्प बसलो. बँकेत अंगठा उठवणाऱ्या खातेदाराला 'सही शिकून या' असं कधी म्हणालो नाही. शाईचा पॅड पुढे करतो. इथे मात्र मी सहीसाठी अडून बसलो होतो.

शेजारच्या गोव्यात 'संगथ' संस्थेने हा पॅड पुढे केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत खचलेल्या माणसांना उभारी दिली. आजाराच्या जड नावाऐवजी लोकांच्या तोंडचं 'टेन्शन' धरलं. मन सुधारल्यावर काम करू, असं म्हणायचं नाही. आवडीचं, जमेल तेवढं काम आधी, मन मागून येतं. २०१७ साली 'लॅन्सेट'ने त्याचे चांगले निष्कर्ष छापले.

काकूने 'लॅन्सेट' वाचलेलं नाही. ती एवढंच म्हणाली, "अहो, पोफळीची रोपं आणवलीत. खड्डे मला खणवत नाहीत. आणि वाडी अशी ओसाड ठेवली तर आळीत लोक काय म्हणतील?"

'लोक काय म्हणतील' हा पुस्तकात रोग आहे. आमच्याकडे त्या दिवशी ते औषध निघालं. काका उठले. पाच खड्डे झाले.

पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. काका तेव्हा चौऱ्याहत्तरचे. 'कुणासाठी लावताय?' हा विवेकनिष्ठ प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. तो गिळला, याला मी माझ्या आयुष्यातला मोठा विवेक समजतो. माणसाचं दुःख तर्काने चुकीचं ठरवता येतं. पण त्याच दुःखात त्याचे वडील राहत असतील, तर ते रिकामं करून मागायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

वही वाया गेली नाही. डावीकडे रोपांची संख्या, उजवीकडे जगली किती. शेवटी काकांच्या अक्षरात एक ओळ होती : 'औंदा पाऊस वेळेवर आलाच पाहिजे.'

तेवढा 'च' मी राहू दिला.