भीती कुठली विसरायची?

"पाऊसच तो, त्याला काय घाबरायचं?" हे वाक्य रायगड जिल्ह्यात कुणी सहज बोलून गेलं की राहून राहून खटकतं. जांभूळपाड्याचा पूर 24 जुलै 1989चा. जुई-दासगावच्या दरडी जुलै 2005च्या, तळियेची 22 जुलै 2021ची, इर्शाळवाडीची 19 जुलै 2023च्या रात्रीची. महिना एकच, पंधरवडाही एकच. त्यातून वाचलेल्या मुलाला पत्र्यावर सर वाजली की घाम फुटतो, यात नवल काय? रशियन शास्त्रज्ञ पावलॉवचा कुत्रा आणि त्याची लाळ अनेकांनी वाचली आहे: खाण्याआधी दर वेळी ठरलेली खूण दिली, की पुढे नुसत्या खुणेनेही लाळ सुटते. अभिजात अभिसंधान म्हणतात ते हेच. पण त्याच पावलॉवच्या प्रयोगशाळेत सप्टेंबर 1924मध्ये लेनिनग्राडच्या पुराचं पाणी शिरलं, हे फारसं सांगितलं जात नाही. कुत्रे कसेबसे पोहून वाचले. पुढे त्यातल्या एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची नुसती धार सोडली, तर तो पुन्हा पार बिथरला. पूर नव्हता, पुराची खूण तेवढी होती.

म्हणून मला समजणं आणि अंगवळणी पडणं यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. विवेकवादी मंडळी म्हणतात, विचार बदला, भावना बदलेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचं हे विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र कि. मो. फडके यांनी मराठीत आणलं, त्याचं ऋण मोठं आहे. पण पत्र्याचा आवाज कानावर पडतो तेव्हा विचाराला सवड कुठे असते? छाती आधी धडधडते, युक्तिवाद मागून येतो. खुद्द एलिसनेही तरुणपणी बायकांशी बोलण्याची भीती घालवली ती बागेत महिनाभर अनोळखी बायकांशी बोलून. नुसता विचार करून नव्हे. अंगाने शिकलेलं अंगानेच सोडवावं लागतं. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्सने 1924मध्ये पीटर नावाच्या छोट्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली. तो आवडीचं खात असताना सशाचा पिंजरा लांब ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा. पावसालाही हे लागू पडावं. उन्हाळ्यात, मूल आईजवळ निवांत जेवत असताना पावसाचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी बारीक लावायचा, ते बावरलं की थांबायचं, पुढे थोडा वाढवायचा. घाई केली तर भीती उलट पक्की होते. शिवाय विझलेली भीती पुसली जात नाही, मधल्या काळानंतर ती परतते, हेही पावलॉवनेच दाखवलं. त्यामुळे हा सराव दर वर्षी मृगाच्या आधी करावा लागेल.

यावर एक आक्षेप असा, की दरडीच्या पायथ्याशी राहणाऱ्याची भीती घालवणं म्हणजे त्याचं संरक्षण काढून घेणं. हा आक्षेप मला झटकता येत नाही. ससा निरुपद्रवी होता, आषाढातला डोंगर तसा नाही. इथे पेण तालुक्यातल्या जोहे गावाकडे पाहावं. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत ऐन पावसात कामाची धांदल असते. प्लास्टिकच्या छपरावर सर वाजली की कारागिराचे कान टवकारतात, कारण दमट हवेत मूर्ती लवकर वाळत नाही आणि ओल्या मूर्तीवर रंग धरत नाही. पण साधी सर आली तर हातातला ब्रश चालूच राहतो. वाऱ्याने तिरपी झड आत येऊ लागली की ताडपत्री ओढायची, खालच्या मूर्ती फळीवर घ्यायच्या. धास्ती आहे, पण तिला पावसातले भेद कळतात आणि तिच्या हाताला काम आहे.

असे भेद कळेनासे झाले तर काय होतं, हे पावलॉवच्या प्रयोगशाळेतल्या आणखी एका प्रयोगात दिसलं. वर्तुळ दिसलं की खाणं, लंबवर्तुळ दिसलं की काही नाही. कुत्रा हे शिकला. मग लंबवर्तुळ इतकं गोल करत नेलं की दोन्हींतला फरक ओळखू येईना. तेव्हा तो ओरडू लागला, अंगावरची उपकरणं दातांनी तोडू लागला. आपल्या डोंगरवाड्यांतल्या माणसांवर तीच वेळ येते. रेड अलर्ट येतो, काही घडत नाही. एखाद्या रात्री डोंगरच खाली येतो. दोन्ही रात्रींचा पाऊस कानाला सारखाच. तेव्हा उपचार मुलाच्या मनावर करून भागणार नाही, खुणाही वेगळ्या करून द्याव्या लागतील. वाडीत पर्जन्यमापक हवा आणि तो वाचणारं माणूस हवं. जमिनीला नवी भेग पडणं, झाडं-खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं या खुणा शाळेत शिकवायला हव्यात. त्या दिसल्या तर रात्री कुठे जायचं, ती जागा आधी ठरलेली हवी, आणि मुलांना तिथवर एकदा चालवत नेलेलं हवं. ध्वनिमुद्रित पावसाचा सराव त्यानंतर सुरू करावा.