चित्राचा विक्रय आणि चित्रकाराचें सत्य

विद्या विकूं नये आणि कला बाजारांत मांडूं नये, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून अद्यापि आढळते. चित्रकारानें उत्तम चित्र काढावें हें सर्वांस मान्य असतें. पण तेंच चित्र भिंतीस टेकवून, त्यावर किमतीची चिठ्ठी लावून तो बसला, म्हणजे त्याची योग्यता कांहींशी उणावली असें अनेकांस वाटूं लागतें. ही समजूत कितपत सयुक्तिक आहे, आणि चित्रविक्रयांत दोष असलाच तर तो नेमका कोठें आहे, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

राजदरबार कलावंताच्या योगक्षेमाचा भार वाहत होते तोंपर्यंत हा प्रश्न फारसा तीव्र नव्हता. आबालाल रहिमान यांस कोल्हापूर दरबाराचा आश्रय होता. पुढें दरबार गेले. आज मुंबईंत काळा घोडा येथें, १९५२ सालीं उघडलेल्या जहांगीर कलादालनाबाहेरच्या पदपथावर, आपलीं जलरंगचित्रें आपणच विकणारे चित्रकार दिसतात. त्यांस आश्रयदाता नाहीं आणि अडत्याही नाहीं. जो कर्ता तोच विक्रेता; म्हणून दोघांचींही कर्तव्यें एकाच माणसावर येऊन पडतात.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत किंमत व प्रतिष्ठा यांत भेद केला आहे. जिच्याऐवजीं दुसरी तुल्य वस्तु घेतां येते तिला किंमत असते. जिच्या जागीं दुसरें कांहींच ठेवतां येत नाहीं तिला प्रतिष्ठा असते. कौशल्य व उद्योग यांस बाजारभाव आहे, कल्पनाशक्तीस आवडीची किंमत आहे. परंतु वचनपालनासारखे गुण सर्व मोलापलीकडचे होत, असें त्याचें म्हणणें आहे. या दृष्टीनें पाहिलें तर चित्र विकण्यांत हीनपणा मुळींच नाहीं. कारण चित्रांत उतरलेलें कौशल्य व कल्पना हीं मोलानें घेण्यादेण्याजोगींच आहेत.

मग तें मोल कशानें ठरवावें? वेळाच्या मापानें ठरवितां येत नाहीं. १८७८ सालीं लंडनच्या न्यायालयांत व्हिसलर व रस्किन यांचा खटला चालला, तेव्हां दोन दिवसांच्या कामाचे दोनशें गिनी कसे मागतां, असें व्हिसलरला विचारण्यांत आलें. आपण जन्मभराच्या ज्ञानाचें मोल मागतों, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिलें. तो खटला जिंकला. पण त्यास नुकसानभरपाई मिळाली अवघी एक फार्दिंग, आणि पुढच्याच वर्षीं त्याचें दिवाळें निघालें. तेथें वाद तैलचित्राचा होता. जलरंगांत तर ही गोष्ट अधिकच खरी आहे. येथें प्रकाश रंगाचा नसतो, कोऱ्या कागदाचा असतो. झांकला गेलेला पांढरेपणा सहसा पूर्ववत् होत नाहीं. ओल क्षणभर कमीअधिक झाली कीं आकाशावर डाग पडतो. अर्ध्या तासांत साधलेल्या एका चित्रामागें फाडून टाकलेले कागद किती, हें घेणारास दिसत नाहीं. पण त्यांचेंही मोल त्या किमतींत धरावेंच लागतें.

खरी नैतिक अडचण पुढेंच आहे. चित्रकार ‘अस्सल’ हा शब्द उच्चारतो तेव्हां तो वस्तूबरोबर एक वचनही देतो. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यांतून १८९४ पासून जीं चित्रें घरोघर गेलीं, तीं छापील म्हणूनच गेलीं. तेथें कोणाची फसवणूक झाली नाहीं. आज मात्र जलरंगाच्या जाड, खरबरीत कागदावर यंत्रानें उतरविलेली प्रत इतकी हुबेहूब होते कीं सामान्य डोळ्यास भेद कळूं नये. शिवाय, जें एक चित्र खपलें तेंच पुन्हां काढून दे, असें दुसरा ग्राहक म्हणतो. पुन्हां काढणें हें पाप नव्हे. तें एकमेव आहे असें सांगणें हें पाप होय. रंगांच्या टिकाऊपणाचीही हीच गोष्ट. रसेल व ॲबनी यांनीं १८८८ सालीं जलरंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो याचा अहवाल सादर केला, आणि कित्येक लोकप्रिय रंग उजेडांत विटतात हें उघड झालें. कोणता तांबडा रंग उडेल हें चित्रकारास ठाऊक असतें, ग्राहकास नसतें. जेथें एकास माहीत आहे आणि दुसऱ्यास नाहीं, तेथें मौनही असत्याचेंच काम करतें.

कोणी म्हणेल, प्रामाणिकपणा व्यापारास हितकरच असतो. त्यांत विशेष तें काय? याचें उत्तरही कांटच्याच ग्रंथांत आहे. अजाण मुलालाही योग्य तोच भाव सांगणारा दुकानदार गिऱ्हाईक टिकावें म्हणून तसें करीत असेल, तर तें केवळ शहाणपण झालें. पदपथावर येणारा परगांवचा प्रवासी पुन्हां कधींच येणार नसतो. त्यास खरें सांगून लाभ कांहींच नाहीं. उलट, “हें दुसऱ्यांदां काढलेलें आहे” एवढें म्हणतांच तो पुढें निघून जाण्याचा संभव असतो, आणि घरभाडें तर महिन्याच्या महिन्यास द्यावें लागतें. कसोटी लागते ती अशाच वेळीं.

अशा पोटार्थी माणसाकडून एवढ्या सत्याची अपेक्षा करावी काय? करावी, असेंच आम्हांस वाटतें. पण मग आपल्याकडेही कांहीं कर्तव्य येतें. वैद्याच्या फीविषयीं चकार शब्द न काढणारे गृहस्थ चित्राचा भाव मात्र निम्म्यावर आणूं पाहतात. आणि चित्रकारानें स्वतः होऊन सांगितलेला दोष हाच भाव पाडण्याचें साधन करतात. असें करणारा एकेका प्रामाणिक विक्रेत्यास मौनाचा धडा देत असतो. तेव्हां आमच्या वाचकांपैकीं कोणी असें चित्र घेण्यास थांबलेच, तर तें एकच आहे काय, हातचें आहे काय, रंग टिकेल काय, हे तीन प्रश्न त्यांनीं अवश्य विचारावेत. उत्तर खरें मिळालें आणि चित्र मनास आलें, तर सांगितलेली रक्कम मुकाट्यानें द्यावी. सत्यास किंमत नाहीं हें खरें. परंतु तें बोलणाऱ्यास त्याबद्दल दंड भरावा लागूं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे.