मृत्यूचा फेर

नोव्हेंबर महिना आला की दफनभूमीतील कबरींवर मेणबत्त्या लागतात आणि आम्हा धर्मगुरूंच्या प्रवचनांत एक वाक्य हमखास येते : मरणापुढे राजा आणि रंक सारखेच. सेमिनरीत आत्मसात केलेले हे वाक्य मीही वर्षानुवर्षे उच्चारीत आलो. काही वर्षांपूर्वी एका मजुराच्या अंत्यविधीच्या प्रसंगी मी ते पुन्हा उच्चारले. माती लोटून झाल्यावर त्याची पत्नी जवळ येऊन म्हणाली, ‘‘फादर, मरणापुढे सगळे सारखे असतील, पण ह्यांना वेळेवर औषध मिळालं असतं तर हे आज गेले नसते.’’ तिच्या स्वरात राग नव्हता; म्हणूनच ते शब्द अधिक लागले. जे सत्य असते, ते सांत्वनही असतेच काय? हा प्रश्न तेव्हापासून मला सोडीत नाही.

मध्ययुगीन युरोपने हेच सत्य भिंतींवर रंगविले होते. ‘मृत्यूचे नृत्य’ या नावाने ती चित्रपरंपरा ओळखली जाते. तिच्यातील सर्वांत जुने ज्ञात भित्तिचित्र पॅरिसमध्ये, निष्पाप बालकांच्या नावे असलेल्या दफनभूमीत, १४२४-२५ साली काढले गेले. काळही तसाच होता. १३४७ ते १३५१ या काळातील महामारीने युरोपची निदान एक तृतीयांश लोकसंख्या गिळली होती आणि नंतरही ती साथ पुनःपुन्हा परतत होती. १४२२ साली तर इंग्लंडचा पाचवा हेन्री आणि फ्रान्सचा सहावा चार्ल्स हे दोन्ही राजे दोन महिन्यांच्या आत निवर्तले. त्या दफनभूमीत सामुदायिक खड्ड्यांतून प्रेते पुरीत. जागा अपुरी पडली की जुन्या अस्थी उकरून भिंतीलगतच्या माळ्यांवर रचीत. त्या अस्थींच्या खालीच हे चित्र होते. प्रत्येक जिवंत माणसाचा हात एकेका मृताने धरला आहे आणि सारे फेर धरून चालले आहेत. १६६९ साली रस्ता रुंद करण्यासाठी ती भिंत पाडली गेली; परंतु १४८५ साली गीयो मार्शाँ याने पॅरिसमध्येच छापलेल्या पुस्तकामुळे त्या चित्राची आणि त्यासोबतच्या पद्यांची कल्पना आपल्याला येते.

या चित्रातील दोन गोष्टी विचार करायला लावतात. पहिली म्हणजे समतेचा उपदेश करणाऱ्या या फेरातही मानपानाची रांग मोडलेली नाही. सर्वांच्या पुढे पोप, मग सम्राट, कार्डिनल, राजा. शेतकरी, तान्हे मूल हे पार शेवटाकडे! दुसरी गोष्ट त्याच शेतकऱ्याची. मृत त्याला सांगतो की, जन्मभर कष्ट उपसलेस, आता सुटका होते आहे, तर आनंद मान. शेतकरी मात्र आनंद मानीत नाही. मरण यावे असे आपल्यालाही पुष्कळदा वाटले, हे तो कबूल करतो. परंतु आता त्याला पळून जावेसे वाटते. वारा असो, पाऊस असो, द्राक्षमळ्यात खणत राहणेच त्याला अधिक प्रिय आहे.

हे वाचले तेव्हा मला दफनभूमीतील ती बाई आठवली. सुमारे सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्याने जणू तिचेच गाऱ्हाणे मांडले होते. गरिबाला मरण म्हणजे सुटका, हे ठरविणारे आपण कोण? त्यालाही जगायचे असते.

पुढे हान्स होल्बाइन या चित्रकाराने हा विषय हाती घेतला. त्याची ४१ काष्ठमुद्रित चित्रे १५३८ साली फ्रान्समधील लिआँ शहरात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत फेराची रांग उरलेली नाही. मृत्यू प्रत्येकाला त्याच्या कामात गाठतो. न्यायाधीशाचा हात श्रीमंताच्या पैशासाठी पुढे झाला आहे, बाजूला गरीब ताटकळत उभा आहे आणि नेमका त्याच क्षणी मृत्यू येतो. वृद्ध नांगरकऱ्याच्या बाबतीत मात्र तो घोडे हाकतो; पलीकडे चर्चच्या मागे सूर्य मावळतो आहे. म्हणजे मरण सर्वांना आहे, परंतु ते प्रत्येकाला तो काय करीत होता हे विचारते. अंतिम न्यायाच्या दिवशी प्रभू येशू भुकेल्याविषयी आणि आजाऱ्याविषयी विचारणार आहे. त्याहून हे वेगळे नाही.

मरण अटळ आहे, ही ईश्वराची योजना. ते कोणाच्या दारी अकाली यावे, हे मात्र पुष्कळदा माणसांची व्यवस्था ठरविते. पहिल्या गोष्टीचा दाखला देऊन दुसरीवर पांघरूण घालणे, हे पाप होय. मी तेच करीत होतो.

होल्बाइनच्या चित्रांत एक धर्मगुरूही आहे. आजाऱ्यासाठी पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन तो निघाला आहे. पुढे कंदील आणि घंटा घेऊन वाट दाखविणारा सेवक म्हणजे खुद्द मृत्यू! त्या धर्मगुरूला निदान वेळेवर निघण्याची बुद्धी झाली होती. त्या मजुराच्या घरी मी गेलो तो अंत्यविधीचा दिवस ठरविण्यासाठी. तो महिनाभर अंथरुणाला खिळला होता, हे मला तेव्हा कळले.

ते वाक्य मी आजही उच्चारतो. परंतु गरिबाच्या कबरीशी नव्हे. ज्यांच्या हाती औषध, मजुरी आणि न्याय आहे, त्यांच्यासमोर, ते धडधाकट असताना. त्या ऐकणाऱ्यांत पहिला मी स्वतः असतो.