वडील, पितर आणि मामा

अक्षयतृतीयेच्या सकाळी साकोलीच्या आमच्या घरी नवी घागर भरतात. काका निखाऱ्यांवर तूप-भात सोडत नावं घेतात. बापाचं, आजाचं, आणि पणज्याच्या नावाशी अडखळतात. दरवर्षी तिथंच. मग 'बाकीचे समदे पितर' म्हणून उरलेल्या वंशाला एका घासात जेवू घालतात.

पितर म्हणजे मुळात बाप. संस्कृतात 'पितरौ' हे द्विवचन म्हणजे आईबाप, 'पितरः' या बहुवचनाचा अर्थ पूर्वजही. स्पॅनिशमध्ये 'पाद्रे' बाप, 'पाद्रेस' म्हटलं की आईबाप. आई दोन्हीकडे बापाच्या पोटात! आपला 'वाडवडील' त्याहून मोकळा. वडील म्हणजे मोठा. वडील बहीणसुद्धा असते. स्पॅनिश लोक वाडवडिलांना 'मायोरेस' म्हणतात, म्हणजे थोरलेच. त्यांचा दुसरा शब्द 'आन्तेपासादोस', आधी होऊन गेलेले. इंग्रजी 'ॲन्सेस्टर' लॅटिन 'आन्तेसेसोर'वरून आला: पुढे चालून गेलेला. त्यांचा पूर्वज जातो, आपला जन्मतो. 'पूर्वज'मधला 'ज' जन्माचाच.

मला तो लॅटिन शब्द जास्त पटतो. पुढे चालून गेलेल्याशी रक्ताचं नातं लागत नाही. एखाद्या जागेवर आपल्याआधी बसलेला माणूसही त्यात येतो. आमच्या भंडारा जिल्ह्याला असाच शब्द हवा. इथल्या धानाच्या बांध्या ज्या तलावांवर पिकल्या, ते कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळात बांधले. तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, असा रिवाज होता. पुढे हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे आले, 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि कागदावर ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले. लोकांनी आद्याक्षरं उचलली: मामा तलाव. सरकारी कागदातून निघालेलं हे एकमेव गोड नातं असावं.

नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. (1 मे 1999 ला जिल्हा फुटला आणि हा तलाव गोंदियाकडे गेला.) भोवतालच्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात, मजूर घरी गेले की त्या रात्री येऊन पाळ बांधत, अशी कथा आहे. कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला. त्याला नैवेद्य दाखवायला कुणी वंशावळ विचारत नाही. गोंड, पोवार, कुणबी, महार, ज्याच्या बांधीत तलावाचं पाणी आलं त्याचा तो वाडवडील. पणज्याचं नाव न आठवणाऱ्या काकांचाही. आमची बांधी एका मामा तलावाखालीच आहे, आणि तो तलाव कुणी बांधला हे घरात कुणाला ठाऊक नाही.

येत्या अक्षयतृतीयेला तिसऱ्या नावाशी अडखळलात, तर घागरीतलं थोडं पाणी तुमच्या तलावाच्या पाळीवर नेऊन सोडा.